जर, तर आणि छाट

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय फार भारदस्त छापला गेलाय: ‘माहिती-प्रणालीतील प्रोत्साहन-रचना’. घाबरू नका, मी बीडीपासून सुरुवात करतो.

सोलापूर-निपाणीकडच्या बीडी कामगार बायकांना मजुरी मिळते हजार बीड्यांमागे. त्या वळून आणतात, तपासणारा नापास बीड्या बाजूला काढतो. या नापास मालाला म्हणतात छाट. हजारी दर सगळ्यांना पाठ असतो. भांडण होतं ते छाटीवरून, कारण वळणारी एक आणि निकाल देणारा दुसरा. म्हणून १९६६च्या बीडी-सिगार कामगार कायद्यात नापास मालाचे आणि त्याच्या मजुरीचे वाद झटपट मिटवायला वेगळा अधिकारी नेमायची सोय केली गेली.

ॲपवर जेवण पोचवणाऱ्या मुलाचा ‘इन्सेंटिव्ह’ याच जातीचा. इतक्या तासांत इतक्या ऑर्डरी झाल्या, रेटिंग अमुक राहिलं, तर वर इतके रुपये. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोनच शब्द, ‘जर’ आणि ‘तर’. मात्र हा दर रातोरात बदलता येतो, आणि छाट काढणारा समोर बसलेला नसतो.

आता सरकारी उदाहरण घेऊ, कारण त्याचे नियम छापील आहेत. नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची पद्धत डॉक्टर बंग दांपत्याने गडचिरोलीत उभी केली. पुढे ती देशभरच्या आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य-स्वयंसेविकांच्या, कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. मोबदला २५० रुपये. २०११च्या मार्गदर्शक सूचनांत तो पंचेचाळिसाव्या दिवशी द्यायचा होता, पण अटींवर: वजनाची नोंद हवी, लसी हव्यात, जन्मनोंदणी हवी, आणि आई-बाळ बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप हवेत.

या शेवटच्या अटीपाशी थांबा. हेतू चांगलाच आहे, बाळ जगावं हा. पण बाळाचं जगणं एकट्या आशाताईच्या हातात असतं का? रस्ता, रुग्णवाहिका, आईच्या अंगातलं रक्त, यांतलं काय तिच्या ताब्यात आहे? आणि बाळाला अंघोळ घालू नका म्हणून सासूबाईंची तासभर मनधरणी केली, तो तास कुठल्या रकान्यात भरायचा?

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली हेच गणितात मांडलं. एका माणसाकडे अनेक कामं असतील आणि त्यांतलं एकच नीट मोजता येत असेल, तर त्या एकावर मोठं बक्षीस ठेवू नये. बाकीची कामं मागे पडतात. कधी कधी सरळ पगारच बरा. होल्मस्ट्रॉम यांना २०१६ साली नोबेल मिळालं. आमच्या आशाताई मात्र ठरावीक मानधनासाठी अजून मोर्चे काढतात.

तेव्हा प्रणाली लिहिणाऱ्या तरुणांनो, पोटापुरता पैसा ‘जर’च्या बाहेर ठेवा. आठवडा सुरू झाल्यावर नियम बदलू नका. आणि ‘जर-तर’खाली तुमच्या भाषेत तिसरी ओळ असते, ‘नाहीतर’. तिच्यापुढे बहुतेक वेळा शून्य लिहिलेलं असतं. तिथे एखाद्या माणसाचं नाव आणि फोन नंबर घाला, जो ‘परत मोजा’ म्हटल्यावर खरोखर परत मोजेल. बीडी वळणारीसाठी एवढी सोय कायद्यात तरी १९६६ साली झाली होती.