थंड मुलखातील घर आणि उष्णतेचा पंप

कॅनडाची राजधानी ओटावा येथे माझी भाची आपल्या संसारासह राहते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या घरातील गारवा देणारे यंत्र बिघडले. विक्रेत्याने सुचविले की, त्याच्या जागी हीट पंप, म्हणजे उष्णतेचा पंप, बसवावा. तो उन्हाळ्यात घर थंड करील आणि हिवाळ्यात उबदारही ठेवील. शेजाऱ्याने मात्र बजावले की, खऱ्या थंडीत हे यंत्र कुचकामाचे ठरते. घरात ऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. भाचीने मला विचारले, "मामा, तुम्ही जन्मभर मुलांना गणित शिकवलेत; यातले खरे काय ते सांगा." मी काही यंत्रज्ञ नव्हे, परंतु प्रश्न मूलतः हिशेबाचा आहे असे दिसल्यावरून मी तो मांडून पाहिला. तोच आज आपणांपुढे ठेवतो. कारण थंड मुलखात बिऱ्हाड केलेली मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत.

प्रथम एका शंकेचे निरसन करावयास हवे. बाहेर बर्फ पडत असता तेथील हवेतून उष्णता मिळणार कोठून? आपण ज्याला शून्य अंश म्हणतो, ते पाणी गोठण्याचे शून्य होय. उष्णतेचे शून्य नव्हे. ते त्याच्याही खाली २७३ अंशांवर आहे. तेव्हा गोठविणाऱ्या हवेतही पुष्कळ उष्णता असते. पंपाच्या नळ्यांत असा द्रव खेळविलेला असतो की, तो बाहेरच्या थंड हवेतही उकळून वायुरूप होतो आणि तसे होताना हवेतील उष्णता शोषून घेतो. माठाचे पाणी पाझरून वाळताना माठ थंड होतो, त्यातलाच हा प्रकार. मग हा वायू यंत्राने दाबला जातो. सायकलीत हवा भरताना पंपाची नळी तापते, तसा तोही तापतो आणि घरात आपली उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. ही कल्पना १८५२ साली विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांनी मांडली. १९३८ साली झुरिकच्या नगरभवनात लिम्मत नदीच्या पाण्यातील उष्णता उचलणारा पंप बसविण्यात आला. आज नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या हिमप्रदेशांत तर हे यंत्र घरोघरी दिसते.

म्हणजे शेजाऱ्याचे म्हणणे खोटेच ठरले काय? तसेही नाही. बाहेरची हवा जितकी थंड, तितके पंपाला काम जड. सौम्य हवेत विजेच्या एका युनिटामागे तो उष्णतेची तीन किंवा अधिक युनिटे देतो; शून्याखाली १५ अंशांवर सुमारे दोन; आणि २५ अंशांवर दीडाच्या आसपास. शिवाय त्याची एकूण शक्तीही घटते. विक्रेत्याच्या पत्रकातील ठळक आकडा बहुधा शून्यावरील ८ अंशांचा असतो. त्यावर विसंबू नये. शून्याखाली २५ अंशांवर हे यंत्र किती उष्णता देते, तेवढेच विचारावे.

आता घराकडे वळू. समजा, आत-बाहेरच्या उष्णतामानातील दर अंशाच्या फरकामागे घरातून २०० वॅट उष्णता निसटते, आणि आत २० अंश ऊब हवी आहे. ओटावात जानेवारीचे सरासरी उष्णतामान शून्याखाली १० अंशांच्या सुमारास असते. फरक ३० अंश; गरज ६ किलोवॅट. कडाक्याच्या रात्री शून्याखाली २५ धरा. फरक ४५ अंश. गरज ९ किलोवॅट. यंत्र पहिल्या वेळी ७ आणि दुसऱ्या वेळी ५ किलोवॅट देत असेल, तर हिवाळ्यातील बहुतेक दिवस ते एकटे पुरेल. परंतु त्या मोजक्या रात्री ४ किलोवॅटची तूट पडेल. हीच तूट माळ्यावर जाड आच्छादन घालून व दारेखिडक्यांच्या फटी बुजवून कमी होते. गळती २०० वरून १६० वर आली, की गरज ७.२ होते आणि तूट २.२ वर येते. म्हणून मी भाचीला लिहिले, "आधी फुटका रांजण सांध, मग पाणी भर."

तिसरा प्रश्न पैशाचा. गॅसची नवी भट्टी शंभरातील सुमारे ९५ भाग उष्णता घराला देते. विजेचे युनिट गॅसच्या तेवढ्याच उष्णतेहून तिप्पट महाग असेल, तर पंपाने २.८५ पट उष्णता दिली तरच खर्च बरोबरीला येईल. दुप्पट असेल, तर १.९ पट पुरे. ओटावा नदीच्या पलीकडे क्वेबेक प्रांत लागतो. तेथे जलविद्युत स्वस्त आहे, आणि पुष्कळ घरे विजेच्या तारा तापवूनच ऊब मिळवितात. तेथे एका युनिटाला एकच युनिट उष्णता मिळते. तेव्हा दीडपट देणारा पंपही फायद्याचाच. यंत्र तेच, हिवाळा तोच. पण नदी ओलांडताच उत्तर बदलते!

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वीजच गेली तर? १९९८ च्या जानेवारीत त्या भागात बर्फाळ पावसाने तारा व मनोरे कोसळले. दहा लाखांहून अधिक घरे अंधारात गेली आणि कित्येकांना आठवड्याहून अधिक काळ तसेच राहावे लागले. पंप तेव्हा बंदच पडणार; परंतु गॅसच्या भट्टीचा पंखाही विजेवरच चालतो, हे आपण विसरतो. घरात वृद्ध माणूस असेल, तर लाकडाची चूल किंवा घराबाहेर ठेवावयाचे लहान जनित्र यांची तजवीज दोन्ही पक्षी हवीच.

भाचीने अखेर माळा आच्छादून घेतला आणि बिघडलेल्या यंत्राच्या जागी पंप बसविला. चालू स्थितीतली गॅसची भट्टी तिने मोडीत काढली नाही. कडाक्याच्या रात्रींची तूट तीच भरून काढते. बाहेरचा भाग बर्फात बुडू नये म्हणून उंच चौकटीवर ठेवला आहे. सासूबाईंची पहिली तक्रार होती की, झरोक्यातून येणारा वारा कोमटच लागतो. पण हा पंप मंद आणि अखंड चालावयाचा, हे ध्यानी आल्यावर त्यांचे समाधान झाले. "आता पहाटे पाय गार पडत नाहीत," असे त्यांनी मला कळविले आहे.

श्रोतेहो, यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या घराची गळती किती, सर्वांत थंड रात्री यंत्राची शक्ती किती, विजेचा भाव काय आणि वीज गेल्यास आधार कोणता, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडा. मग विक्रेत्याच्या स्तुतीने भुलण्याचे कारण नाही आणि शेजाऱ्याच्या निंदेने भिण्याचेही नाही.