घाम, पाणी आणि मीठ



कवीनं पळण्याबद्दल बोलावं, हे तुम्हाला थोडं चमत्कारिक वाटेल. मलाही वाटतं. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, वैद्यक हा माझा विषय नाही. पण एका उन्हाळ्यात जे अंगावर आलं आणि नंतर डॉक्टरांना विचारून, चार गोष्टी वाचून जे समजलं, ते सांगावंसं वाटतं. कारण आमच्या सोलापुरात आता पहाटे पळणारी माणसं खूप दिसतात. कुणी पोट कमी करण्यासाठी पळतं, कुणी भरतीसाठी.

पन्नाशी उलटली आणि माझी साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता पळू लागलो आणि साताऱ्याच्या डोंगरातली अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, पळायची असं मनानं घेतलं. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते, तिचा सराव थंडीत होतो. साताऱ्याची मात्र पावसाळ्याच्या शेवटी असते. म्हणजे सराव भर उन्हाळ्यात, आणि उन्हाळा सोलापूरचा!

मे महिन्यातला एक रविवार. आदल्या रात्री कविसंमेलनातून उशिरा परतलो होतो. पाचला निघायचं ते साडेसहाला निघालो. विजापूर रस्त्यानं १६ किलोमीटर पळून घरी आलो, तेव्हा नऊ वाजून गेले होते. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, बोटातली अंगठी घट्ट झाली होती. घरचे म्हणाले, ऊन लागलं, पाणी प्या. मी प्यायलो. वाटेत अडीच लिटर झालं होतंच, घरी आणखी दोन लिटर झालं. दुपारी उलट्या सुरू झाल्या. मुलगी उशाशी बसली होती. तिला हाक मारायला गेलो आणि तिचं नाव आठवेना. शब्दांवर जगणारा माणूस मी, आणि पोटच्या मुलीचं नाव सापडत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरची भीती मी विसरलेलो नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असावं लागतं. माझं १२६ होतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पाणी कमी नाही पडलं, जास्त झालं."

उन्हात पळाल्यावर पाणी जास्त होतं, हे मला पटेना. मग त्यांनी समजावलं. घामाबरोबर नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. लांब पळण्याच्या ताणात मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. अशा वेळी साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ लागते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. पळताना ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका अधिक होता. तेव्हा सोपा उपाय म्हणजे घरातला वजनकाटा. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन वाढलं तर पाणी जास्त प्यायलात.

पण ऐकणाऱ्यांनी उद्यापासून पाणी सोडू नये! पाणी कमी पडणं आणि अंग तापणं, हा धोका आपल्याकडे जास्त दिसतो. पळताना स्नायूंना लागणाऱ्या शक्तीचा तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला रक्त कातडीकडे धावतं, पायांनाही रक्त हवंच असतं. मग पोटाच्या वाट्याला थोडंच येतं. पळून आल्यावर मळमळतं, घास नको वाटतो, त्याचं एक कारण हे. घाम वाळला तर अंग निवतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. म्हणून तिथं पारा कमी असूनही जीव घाबरा होतो.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याच्या मैदानावरचा एक मुलगा सकाळी दहाच्या उन्हात फेऱ्या मारताना झोकांड्या खाऊ लागला. काहीतरी असंबद्ध बोलत होता, अंग तव्यासारखं तापलं होतं, तरी घाम येत होता. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं पोरांना वाटलं. ते चूक होतं. पळण्यातल्या उष्माघातात घाम सुरू असू शकतो. ताप ४० अंशांच्या वर आणि भान हरपू लागलेलं, ही त्याची खूण. नशिबानं शेजारी टँकर उभा होता. कुणीतरी त्याला पाण्याखाली धरलं आणि मग रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यानं वाचला. लक्षात ठेवा : आधी गार करा, मग हलवा. आणि भान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

शुद्धीवर आल्यावर त्या मुलानं पहिलं काय विचारलं असेल? "सरांना कळलं का?" मैदानावरून नाव कमी होईल, याची त्याला भीती होती. आधीचे तीन दिवस त्याचं डोकं दुखत होतं. गोळी खाऊन तो पळत होता. ऐन उन्हातल्या पळण्याआधी अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या वेळी काही तरुण दगावले होते. पुढे अंतर कमी झालं. पण मैदानावरची "सहन कर, मर्द हो" ही शिकवण कमी झालेली नाही.

२०१८ साली रमजान मे-जूनमध्ये आला होता. रोज्यात पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो आणि आमच्याकडे तेव्हा रोजा चौदा तासांहून मोठा. भाच्यानं विचारलं, "मामू, सहरी करून लगेच पळलं तर?" मी म्हणालो, "मग पुढचे चौदा तास तहानेनं काढशील. इफ्तारनंतर पोट हलकं झालं की थोडं पळ. महिनाभर लांब पल्ला नको." त्याला पटलं. दुखणं ओढवून घ्या, असं कुठलाच धर्म सांगत नाही.

आता माझे नियम सांगतो. उन्हाळा सुरू झाला की पहिले १० ते १४ दिवस पल्ला कमी ठेवायचा. तेवढ्यात शरीर सरावतं, घाम लवकर येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. सूर्य वर यायच्या आत घरी परतायचं. तहान लागेल तसं प्यायचं. तासाभराहून जास्त पळणं झालं तर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्यायचं. जुलाबासाठी आपण करतो ते पाणी, एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हेही चालतं. मात्र साखर किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. लघवी काळ्या चहासारखी झाली, उलट्या थांबेनात, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपाय पुरेत. थेट दवाखाना गाठायचा.

साताऱ्याला मी त्या वर्षी गेलो नाही. पुढच्या वर्षी गेलो, शेवटच्या काही जणांत पोचलो आणि धडधाकट घरी आलो. भाचा आज खाकी वर्दीत आहे. मागच्या मे महिन्यात त्याचा फोन आला. "मामू, आज बारा किलोमीटर ठरवलं होतं. सहाव्यालाच डोकं जड झालं, परत फिरलो." त्याच्या आवाजात शरम नव्हती. मला त्याचं भरतीत निवडून येण्याइतकंच हे परत फिरणं मोलाचं वाटलं.

शरीर आधी हळू आवाजात सांगतं. तेवढ्यात ऐकलं, तर त्याला ओरडावं लागत नाही.