मिरजेहून गोव्याला, रेल्वेने

मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, पंढरपूर आणि बेळगावकडे रेल्वेमार्ग फुटतात. गोव्याला जायचे तर बेळगावमार्गे लोंढ्याला आणि तिथून कॅसलरॉकचा घाट उतरून कुळे, मडगाव, वास्को, असा रस्ता आहे. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावतात. याच घाटात दूधसागर धबधबा लागतो. तो पाहायचा असेल, तर गाडी घाटातून दिवसा जाते का, हे आधी वेळापत्रकात बघा.

आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. तत्काळ तिकिटे आदल्या दिवशी मिळतात. वातानुकूलित वर्गाची सकाळी १० वाजता, स्लीपरची ११ वाजता. मात्र हे दिवस गाडी जिथून सुटते त्या स्थानकापासून मोजतात. गोवा एक्स्प्रेस दिल्लीच्या निजामुद्दीनहून सुटून दुसऱ्या दिवशी मिरजेत येते. त्यामुळे आपल्याला तत्काळ तिकीट दोन दिवस आधीच काढावे लागते.

निघण्यापूर्वी १३९ क्रमांकावर गाडीची वेळ विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि धबधब्यापाशी रुळांवर मुळीच उतरू नका.