बोर्डाचा भाव आणि ताटातला भाव

 

आजचा विषय तुम्हीच मागितलेला आहे. "पुण्यात नवीन आलोय, नावाजलेली हॉटेलं आणि बेकऱ्या फिरायच्यात, सुरुवात कुठून करू?" असे बरेच मेसेज आले, आणि त्यात जळगाव-धुळ्याकडची मंडळी जास्त. मी सावद्याचा. बीटेक झालं आणि पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. रूमवर आम्ही तिघंही खानदेशी, आणि दर रविवारी एक नवीन जागा असा आमचा नेम. तर आज यादी देतोच, पण यादी वाचायची कशी तेही बोलू.

सुरुवात कॅम्पातून. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ पासूनची. श्रुसबेरी हे नाव इंग्लंडमधल्या एका गावाचं, पण बिस्किट आता पक्कं पुणेरी झालंय. सोबत मावा केक घ्या. दुपारी मध्ये दुकान बंद असतं, म्हणून सकाळी लवकर जा. डेक्कनला कॅफे गुडलक, १९३५ चं. तिथं बन मस्का आणि इराणी चहा. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली, तिथं एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी. सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी.

आणि नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. इथं आपल्या लोकांनी जरा तयारीनं जायचं. रस्सा गोडसर, सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस. आमचा एक रूममेट शेवभाजीवर वाढलेला. पहिला घास घेऊन म्हणाला, "तिखट टाकायचं राहून गेलं का यांचं?" राहून नाही गेलं, ती मिसळ तशीच असते. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यानं शेवभाजीशी तुलना केली नाही आणि दोन प्लेट खाल्ल्या.

आता रांगेचं बघा. रांग मोठी म्हणजे पदार्थ भारी, असं आपण धरून चालतो. पण रांग दोन गोष्टींनी वाढते. मागणी जास्त असली तर वाढते, आणि माल मोजका असला तरी वाढते. कयानी एकाच जागी राहिली, तिथं गर्दी होणारच. चितळे बंधूंनी दुसरी वाट धरली. १९५० ला पुण्यात दुकान, आणि पुढे बाकरवडी यंत्रावर आणली. त्यामुळे ती आता गावोगावी मिळते, रांग लावावी लागत नाही. म्हणून तिची चव कमी झाली का? दोन्ही धंदे आपापल्या जागी बरोबर आहेत. रांगेवरून फक्त किती वेळ जाणार ते कळतं.

नावाची किंमत किती असते, त्याचीही एक गोष्ट पुण्यातच घडलीय. कॅम्पात १९९२ पासून बर्गर किंग नावाचं हॉटेल आहे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीनं २०११ मध्ये त्याच्यावर दावा लावला. कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टानं दावा फेटाळला, मग कंपनी हायकोर्टात गेली आणि डिसेंबरात हायकोर्टानं पुण्याच्या हॉटेलला ते नाव तात्पुरतं वापरायला मनाई केली. एका नावासाठी तेरा वर्षं कोर्टकचेरी! आपण मात्र ते नाव ऐकून दोन मिनिटांत ठरवतो.

आता माझ्या कामाची गोष्ट, रेटिंग. एका जागेला ४.८ रेटिंग आहे, पण मत देणारे फक्त ४०. दुसरीला ४.४, मत देणारे दहा हजार. कुठं जायचं? आम्ही इंजिनिअर लोक एक साधी युक्ती करतो. प्रत्येक जागेला आधीच शंभर जणांनी ४ दिलेत असं समजायचं आणि मग सरासरी काढायची. पहिली जागा येते ४.२ वर. दुसरी ४.४ वरच राहते, कारण तिच्यामागं माणसं जास्त आहेत. आणि पाच तारेवाल्यांपेक्षा तीन तारेवाल्यांचं वाचा. "चहा छान, पण संध्याकाळी अर्धा तास उभं राहावं लागलं" असं कामाचं तेच लिहितात.

हे मी पप्पांना सांगत होतो. पप्पा तपासणीसाठी पुण्याला आले होते. गुडघे दुखतात, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलेले. दवाखान्यातून सुटल्यावर हातात एक दुपार. रात्रीची गाडी परतीची. अशा माणसाला शनिवारच्या रांगेत उभं करणार का? आम्ही बुधवारी दुपारी चार वाजता गुडलकला गेलो, लगेच टेबल मिळालं. पप्पांनी बन चहात बुडवला, माझ्या मोबाइलवरचं रेटिंग पाहिलं आणि म्हणाले, "हा तुमचा बोर्डाचा भाव. पावतीवर काय पडतं ते सांग."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे केळीचा रोजचा भाव जाहीर होतो, तो बोर्डाचा भाव. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, आणि बरेचदा त्याहून कमीच देतो. शेतकऱ्याचं वर्षभराचं गणित त्या फरकावर बसतं किंवा मोडतं. पप्पांनी उभं आयुष्य तो फरक मोजलाय. त्यांना ४.४ चं काय कौतुक! त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. बसायला मिळालं का, ताजं आलं का, बिल परवडलं का? मी आता जागा निवडताना याच तीन गोष्टी आधी बघतो.

शेवटी आपल्या जेवणाबद्दल. पुण्यात "खानदेशी" अशी पाटी पुष्कळ ठिकाणी दिसते. जा, खा, पण एक लक्षात ठेवा. आपलं भरीत तिखटामुळे भरीत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळाला, वांगं तर खासच. पण ते शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात, आणि कळण्याच्या भाकरीसोबत वीस-पंचवीस माणसं एकत्र बसून खातात. शहरातल्या गॅसवर त्यातलं वांगं तेवढं येतं. म्हणून त्या हॉटेलवाल्याला कमी गुण देऊ नका. थंडीत सुट्टी काढा, आणि पुण्यातल्या एका तरी मित्राला सोबत घेऊन गावी जा. त्याला बेडेकरांच्या रश्श्याचं जे कौतुक, ते आपल्या शेतातल्या धुराचंही वाटू द्या.

तर या रविवारी कुठं जाताय? जागेचं नाव, एकच पदार्थ आणि कोणत्या वेळी गर्दी नसते, एवढं लिहून पाठवा. पुढच्या भागात तुमचीच यादी वाचू. तोवर पोटभर खा, आणि घरून कोणी आलं तर त्यांना आधी बसायला जागा बघा. भेटू!