उन्हाळ्याची बेगमी



वैशाखाचें ऊन अंग भाजतें खरें, परंतु कोंकणांतील गृहिणीस तेंच वर्षाची बेगमी करून देतें. जूनच्या पूर्वार्धांत पाऊस उतरतो. पुढें चार महिने कांहींच धड वाळत नाहीं. म्हणून पापड, सांडगे, आंबोशी, मसाला हीं कामें मे महिन्यांतच उरकावीं लागतात. कैरीच्या फोडींस मीठ लावितांच पाणी सुटतें. जेथें ओल कमी व मीठ पुरेसें, तेथें बुरशीस थारा नाहीं. बरणी कोरडी असावी व लोणच्यावर तेलाचा थर असावा, म्हणजे वारा लागत नाहीं.

याच दिवसांत लग्नें व बाप्तिस्म्याच्या मेजवान्या येतात. तेथेंही आम्ही हीच दूरदृष्टि ठेवावयास सांगूं. आधीं खर्च ठरवावा, मग पाहुणे मोजावे, मगच आमंत्रणें धाडावीं. एका दिवसाच्या मांडवासाठीं वर्षानुवर्षें सावकाराचें व्याज भरणें, हें दुःखाचें लोणचें मुरविणें होय.

आणि सारा भार माउलींवरच कां? पुरुषांनीं व तरुणांनीं पाणी भरावें, पंगतींत वाढावें, मागाहून भांडींही घासावीं. जिच्या घरीं उत्सव, तीच चुलीपाशीं बसून राहिली, तर तो उत्सव अर्धाच झाला, असें आम्ही समजतों.