परसातल्या भाजीचा हिशेब मांडा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आश्विन सरत आला. कपाशी-सोयाबीनच्या भावाचं आपण सकाळपासून बोललो. मी घरामागच्या दोन गुंठ्यांचं बोलणार आहे.

या दिवसांत परसात काय नसतं? मांडवावर शेवटची दोडकी-कारली, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी. सीताफळाचे डोळे उघडलेत. जमिनीत ओल आहे तोवर मेथी, पालक, कोथिंबीर फोकायची, कुंपणाला वाल सोडायचा, वाफ्यात लसूण लावायचा. मेथी महिनाभरात ताटात येते, लसूण उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. एक दोडकं बियाण्यासाठी वेलावरच वाळू दिलेलं असतं. हे सगळं कोण करतं? घरची बाई. याची नोंद कुठल्या वहीत आहे? कुठल्याच नाही.

1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. तिचं एक अंग सीताशेती. थोडी जमीन, विकतचं खत-औषध नाही, बियाणं घरचं, आणि कारभार बाईच्या हाती. त्याच काळात लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. परसबाग हा भावाला पर्याय नाही. आम्ही भाव मागायचा आणि कोणी सांगायचं, दारात शेवगा लावा! शेवगा लावूच. पण शेवग्याच्या शेंगांनी सोसायटीचं कर्ज फिटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. 2018 पासून केंद्र सरकार दीडपट हमीभावाच्या हिशेबात घरच्या माणसांची मजुरी धरतं. जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज सोडून देतं, म्हणून आपण भांडतो. ते भांडण खरंच आहे. पण सरकारला घामाचा दाम मागणारे आपण, घरातल्या बाईच्या घामाचा दाम कधी धरला?

म्हणून यंदा दिवाळीपासून होळीपर्यंत घरोघर एक वही करा. परसातून काय निघालं, बाजारभावाने त्याचे किती झाले, रोज लिहा. आईला लिहिता येत नसेल तर पोरानं लिहावं. जास्तीची भाजी, सीताफळं, लिंबं विकली तर पैसा तिच्याच हाती राहू द्या. होळीनंतरच्या बैठकीला ती वही घेऊन या. आणि घेऊन यायची ती बाईनं, नवऱ्यानं नाही.

मग सातबाऱ्यावर तिचं नाव लावण्याचं बोलू. तेव्हा हिशेब तिच्या हातात असेल.