छपराखालचे मैदान



पाहुणे आले म्हणजे शहरातील नवे बंदिस्त क्रीडागृह त्यांना मोठ्या अभिमानाने बाहेरून दाखविण्यात येते. आत नेऊन दाखवावयाचे म्हटले, की किल्ली कोणाकडे आहे येथून शोध सुरू होतो. अशा वास्तूला आपण 'बहुउद्देशीय' म्हणतो. आज या एका शब्दाचाच विचार करावा असे आम्ही ठरविले आहे.

छपराखाली खेळणे आपणांस नवे नाही. आपली तालीम म्हणजे तरी काय? चार भिंती, वर कौले, मध्ये लाल मातीचा हौदा आणि कडेला मल्लखांब. पण अनेक खेळ एकाच जमिनीवर नांदवावयाचे म्हणजे हिशेब आला. हँडबॉलचे मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. बास्केटबॉलचे २८ बाय १५, व्हॉलीबॉलचे १८ बाय ९, पुरुषांच्या कबड्डीचे १३ बाय १०. हँडबॉलची जागा धरली की बाकीची सारी तिच्या पोटात बसतात. म्हणूनच त्या जमिनीवर निरनिराळ्या रंगांच्या रेषा दिसतात. लाकडी जमीन खालून किंचित लवचीक ठेवतात, म्हणजे उडी मारणाऱ्याच्या गुडघ्याला दणका बसत नाही. कबड्डीसाठी वर मॅट अंथरतात. वारा मात्र सर्वांना सारखा मानवत नाही. घामाघूम झालेल्या व्हॉलीबॉलपटूला जी झुळूक हवीशी वाटते, तीच बॅडमिंटनचे फूल भरकटवते.

हे सारे सांभाळून एक वास्तू किती कामे करू शकते, पाहा. टोकियोत केन्झो तांगे यांनी १९६४ च्या ऑलिंपिकसाठी योयोगीचे क्रीडागृह उभारले. पोलादी दोरांनी तोललेल्या त्या छपराखाली तेव्हा पोहण्याच्या शर्यती झाल्या. पुढे तेथे बर्फावरचे स्केटिंग झाले, गाण्याचे जलसे झाले; आणि २०२१ साली ऑलिंपिक पुन्हा टोकियोत भरले, तेव्हा त्याच ठिकाणी हँडबॉलचे सामने रंगले.

मुंबईत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृहात २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना झाला. मातीत वाढलेला आपला खेळ तेथे दिव्यांच्या झगमगाटात मॅटवर खेळला गेला. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा त्याच क्रीडागृहात रुग्णांच्या खाटा मांडल्या गेल्या. संकटकाळी गावाला मोठे छप्पर, रुंद दरवाजे आणि पाण्याची सोय एके ठिकाणी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तिची तजवीज आधी हवी. २००५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये हजारो लोक वादळापासून आश्रयाला गेले. छपराचा भाग उडाला, वीज गेली आणि आश्रितांचे अतोनात हाल झाले.

आता घरची गोष्ट. क्रीडागृह लग्नाला, प्रदर्शनाला, सभेला भाड्याने देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. विजेचे बिल आणि जमिनीची डागडुजी फुकट होत नाही. पण भाडे देणारा आला की सरावाला आलेल्या मुलांना बाहेर काढावयाचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. "आज हॉल दिलेला आहे" हे ऐकून जी मुलगी चार वेळा रॅकेट घेऊन परत गेली, ती पाचव्यांदा येत नाही. तिचा तोटा कोणत्याच जमाखर्चात मांडला जात नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. सकाळ-संध्याकाळचे ठराविक तास सरावासाठी राखावेत, आणि ते कोणत्याही भाड्यासाठी मोडू नयेत. समारंभाच्या दिवशी जमिनीवर जाड आच्छादन घालावे, आणि आलेल्या भाड्यातून आधी जमीन दुरुस्त व्हावी. महिन्याचे वेळापत्रक दारावर सर्वांना वाचता येईल असे लावावे.

श्रोतेहो, क्रीडागृह मागण्याचा आपला हक्क आहेच. ते मागतानाच हे वेळापत्रकही मागून घ्या. ज्या दाराची किल्ली रोज पहाटे वेळेवर फिरते, त्या दारामागच्या वास्तूला बहुउद्देशीय म्हणण्यास आमची मुळीच हरकत नाही.